आर्चटॉप गिटारला पिकअप: निवडण्यापासून बसवण्यापर्यंत

आर्चटॉप, म्हणजे फुगीर टॉपची (वरच्या फळीची) गिटार, खोलीत गोड वाजते, पण शेजारी ड्रम आणि बास आले की ती ऐकूच येत नाही. ही अडचण गिटारवाल्यांना १९३०च्या दशकातल्या बिग बँडपासून आहे. तेव्हा गिटारने मागे बसून ताल धरायचा, एवढंच तिचं काम असे. गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीने १९३६ साली ईएस-१५० ही पिकअपवाली, म्हणजे तारांच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करून ॲम्पला देणारा भाग असलेली, आर्चटॉप काढली. १९३९मध्ये चार्ली ख्रिश्चन ती घेऊन बेनी गुडमनच्या बँडमध्ये गेला आणि गिटारचा सोलो सॅक्सोफोनच्या तोडीने ऐकू येऊ लागला. त्या पिकअपला लोक आजही चार्ली ख्रिश्चनच्याच नावाने ओळखतात.

तुमच्याकडे आर्चटॉप असेल आणि पिकअप बसवायचा विचार असेल, तर बाजारात इतके प्रकार आहेत की डोकं चक्रावतं. मी या वाटेने गेलो आहे, म्हणून कामाचा क्रम लिहून ठेवतो. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो: कोरीव सॉलिड टॉपला भोक पाडू नका. जे बसवाल ते उद्या काढता आलं पाहिजे आणि काढल्यावर गिटार होती तशी उरली पाहिजे.

१. आधी टॉप ओळखा

पिकअपचा विचार टॉपपासून सुरू होतो. आर्चटॉपचा फुगीर टॉप तीन प्रकारे बनतो. जाड स्प्रूसचा ठोकळा कोरून, सॉलिड फळी उष्णतेने दाबून, किंवा पातळ थर एकावर एक चिकटवून म्हणजे लॅमिनेट करून.

ओळखायचं कसं? एफ-होलची, म्हणजे टॉपवरच्या एफ आकाराच्या भोकाची, कड बघा. थर दिसले तर लॅमिनेट. लाकडाची वरची रेषा कडेवरून खाली सलग उतरताना दिसली तर सॉलिड. कडेला प्लास्टिकची बाइंडिंग असेल तर हे दिसत नाही. मग दातांचे डॉक्टर वापरतात तसला छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन आतली बाजू बघा, आणि आतल्या रेषा बाहेरच्या रेषांशी जुळतात का ते ताडा. कोरीव आणि दाबलेला यांतला फरक असा कळत नाही. त्यासाठी मॉडेलची माहिती शोधावी लागते. पण पिकअपपुरते दोघांनाही एकाच मापाने मोजा, दोघेही सॉलिडच.

हे इतकं महत्त्वाचं का? कोरीव टॉप स्वतः कंप पावून आवाज देतो. त्याच्या आत दोन लांब पट्ट्या असतात, समांतर किंवा एकमेकींना छेदणाऱ्या. टॉपला कंपाची दिशा आणि ताकद त्यांच्यामुळेच मिळते. हंबकर या दोन कॉइलच्या पिकअपसाठी सुमारे ७० × ३८ मिमीची खाच कापली की ती नेमकी या पट्ट्यांच्या जवळ येते. लाकूड गेलं, वर पिकअपचं वजन आलं. मूळ आवाज परत मिळत नाही आणि गिटारची किंमतही उतरते.

लॅमिनेट टॉपचं गणित उलट आहे. तो कमी थरथरतो, त्यामुळे ॲम्पसमोर फीडबॅक (स्पीकरचा आवाज गिटारमध्ये परत शिरून होणारा हुंकार) कमी देतो. गिब्सनची १९४९ची ईएस-१७५ मुद्दाम लॅमिनेट मेपलची होती, आणि जाझ गिटारचा जो आवाज आपल्या कानात बसला आहे त्यातला बराचसा तिचा आहे. अशा गिटारमध्ये खाच असणं हा दोष नाही.

इथे कुणी विचारेल, जाझ गिटारवादक वेस माँटगोमेरी वाजवायचा त्या गिब्सन एल-५ सीईएसचा टॉप कोरीव, तरी त्यात पिकअप कापून बसवलेले, त्याचं काय? ते मॉडेल १९५१पासून कारखान्यातच पिकअपसाठी बनत होतं. तुमची गिटार ॲकॉस्टिक म्हणून बनली असेल तर हा दाखला तिला लागू होत नाही.

२. प्रकार समजून घ्या

फ्लोटिंग पिकअप टॉपला शिवतही नाही. नेकच्या टोकाला किंवा पिकगार्डला (टॉप ओरखड्यांपासून वाचवणाऱ्या पट्टीला) धरून तो तारांखाली अधांतरी राहतो. अमेरिकेतल्या टोलेडोच्या डीआर्मंड पिकअपांनी ही पद्धत रुळवली. त्यांच्या काही मॉडेलांत पिकअप एका दांडीवर सरकत असे आणि दांडी ब्रिजमागच्या (तारा टेकतात त्या घोडीमागच्या) तारांना चिमट्याने अडकवलेली असे. गिब्सनने १९६१ साली जॉनी स्मिथच्या नावाची गिटार काढली, तिच्यात छोटा हंबकर असाच अधांतरी होता. सॉलिड टॉपसाठी माझी पहिली शिफारस हीच.

सेट-इन पिकअप टॉपमधल्या खाचेत बसतो. गिटारमध्ये खाच आधीपासून असेल तरच हा मार्ग धरा.

पिएझो, म्हणजे दाब आणि कंपनातून वीज देणारा पिकअप, ब्रिजमध्ये बसतो किंवा त्याची चकती टॉपला आतून चिकटवतात. तो तारेचं नाही, लाकडाचं कंपन ऐकतो. आवाज ॲकॉस्टिकच्या जवळचा येतो, पण फीडबॅकही लवकर येतो. शिवाय त्याला प्रीॲम्प, म्हणजे ॲम्पच्या आधी लावायचा छोटा ॲम्प, लागतोच. किमान १ मेगाओहम, शक्यतो त्याहून बराच जास्त इनपुट इम्पिडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला दिसणारा रोध) असलेला प्रीॲम्प नसेल तर आवाज किरटा आणि पोकळ येतो. पिएझोला नावं ठेवणाऱ्यांपैकी पुष्कळांनी तो थेट गिटार ॲम्पला लावलेला असतो.

मांडीवर आडवी ठेवून स्लाइडने हिंदुस्थानी संगीत वाजवणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. विश्वमोहन भट यांची मोहनवीणा आर्चटॉप गिटारमध्येच बदल करून घडलेली आहे, आणि तिच्यात तरफांच्या ताराही आहेत. चुंबकीय पिकअप फक्त त्याच्यावरून जाणाऱ्या तारा ऐकतो. तरफा त्याच्या टप्प्याबाहेर असतील तर त्यांचा झंकार स्पीकरपर्यंत पोहोचणार नाही. अशा वाद्याला चिकटवायचा काँटॅक्ट पिकअप किंवा चांगला मायक्रोफोनच हवा.

आता आवाजाचं. सिंगल कॉइल पिकअपमध्ये, म्हणजे १९४६च्या गिब्सन पी-९० सारख्यात, तारेवरचा प्रहार स्पष्ट ऐकू येतो, थोडा खरखरीत गोडवा असतो. जाझ गिटारवादक जिम हॉलची सुरुवातीची ईएस-१७५ पी-९०वाली होती. त्याची अडचण म्हणजे घूं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ट्यूबलाइट, डिमर, स्टेजवरचे दिवे, सगळ्यांची गुणगुण तो उचलतो. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५मध्ये ज्याच्या पेटंटसाठी अर्ज केला तो हंबकर दोन कॉइल उलटसुलट जोडून हीच घूं मारतो. १९५७पासून तो गिब्सनच्या गिटारींवर दिसू लागला. त्याचा आवाज जास्त भरीव आणि गोल. लग्नाच्या हॉलमध्ये, गणेशोत्सवाच्या मांडवात किंवा हॉटेलात वाजवणार असाल, तर वायरिंगचा भरवसा नसतो, हंबकर घ्या. घरी किंवा स्टुडिओत वाजवणार असाल तर पी-९० जरूर ऐका.

एक सापळा: ‘जास्त आउटपुट’ या शब्दांना भुलू नका. आर्चटॉपवर नेकजवळचा पिकअप मुळातच भारदस्त वाजतो. त्यात कॉइलला जास्त वेढे असले की खालच्या तारांचा चिखल होतो. हंबकरचा रोध ७ ते ८ किलोओहमच्या आसपास असेल तर पुरे.

३. मापं घ्या, मगच पैसे द्या

पिकअप परदेशातून मागवला तर आयात शुल्क आणि कर भरावा लागतो, आणि न बसणारा पिकअप परत पाठवणं डोकेदुखी असते. म्हणून ही मापं आधी कागदावर लिहा.

तारा आणि टॉप यांमधलं अंतर. शेवटच्या फ्रेटवर तार दाबा आणि फिंगरबोर्ड संपतो तिथे तारेच्या खालपासून टॉपपर्यंतचं अंतर मोजा. दोन्ही टोकांच्या तारांना वेगवेगळं मोजा. त्यातून वर अडीच आणि खाली दीड मिलिमीटर मोकळीक वजा करा. अंतर १७ मिमी आलं तर १३ मिमीपर्यंत जाडीचा पिकअप बसेल. निर्मात्याच्या रेखाचित्रात पूर्ण जाडी बघा, नुसत्या झाकणाची नाही.

तारांमधलं अंतर. पिकअप येणार तिथे पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंत मोजा. नेकच्या पिकअपला ४९-५० मिमीचं अंतर सर्रास असतं. तारांखाली सलग पट्टी (ब्लेड) असलेल्या पिकअपला याची फिकीर नसते, सुटे स्क्रू असलेल्याला असते.

नेकचं टोक. टॉपवर झुकलेल्या फिंगरबोर्डच्या टोकाची आणि बाजूची जाडी मोजा, ब्रॅकेटचे स्क्रू तिथेच जातात.

जागा. गिटारच्या स्केलचा (मोकळ्या तारेच्या वाजणाऱ्या लांबीचा) एक चतुर्थांश ब्रिजपासून मोजा. ६४८ मिमी स्केलला ते १६२ मिमी येतं. चोविसावा फ्रेट असता तर तो इथे आला असता. इथला आवाज गोल आणि उबदार असतो. ब्रिजकडे जावं तसा तो तिखट होत जातो. वीस फ्रेटच्या आर्चटॉपवर नेकच्या टोकालगत बसवलेला पिकअप आपोआप या जागेच्या आसपास येतो.

४. सामान आणि कागद

लागणारी हत्यारं: व्हर्नियर कॅलिपर, मल्टिमीटर, ४० वॅटचा सोल्डरिंग आयर्न, ६०/४० रोझिन सोल्डर, नोजप्लायर, वायर सोलायचा कटर, हीट श्रिंक नळी, बारीक ड्रिल बिट, मास्किंग टेप, जाड टर्किश टॉवेल, तो छोटा आरसा.

इलेक्ट्रॉनिक्सचं सामान: हंबकरसाठी ५०० किलोओहमचा आणि सिंगल कॉइलसाठी साधारणपणे २५० किलोओहमचा लॉग पॉट (व्हॉल्यूम किंवा टोन बदलायचा फिरता रोधक), टोन हवा असेल तर ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, शिल्डेड वायर, पाव इंची जॅक. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ हे सगळं मिळतं. पॉट घेताना दुकानातच मीटर लावून फिरवून बघा. छापील आकडा आणि खरी किंमत यांत वीस टक्क्यांपर्यंत फरक असू शकतो. लिनिअर पॉट हातात आला तर तो बाजूला ठेवा. त्याने व्हॉल्यूम बराच फिरवेपर्यंत फारसा बदलत नाही आणि शेवटी एकदम पडतो.

कागद: पिकअपचं वायरिंगचं चित्र (प्रत्येक कंपनीचे वायरींचे रंग वेगळे, दुसऱ्या कंपनीचं चित्र चालत नाही), त्याचं मापांचं रेखाचित्र, गिटारचं बिल आणि वॉरंटीची अट. भोक पाडल्यावर वॉरंटी जाते का, हे विक्रेत्याकडून लिहून घ्या. काम सुरू करण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा.

५. टेबलावर जोडून बघा

गिटारला हात लावण्याआधी पिकअप, पॉट आणि जॅक टेबलावर मगरचिमट्यांनी जोडा. मीटरने रोध बघा. आकडा न येता उघडं सर्किट दाखवलं तर पिकअप बिघडलेला आहे आणि परत करण्याची वेळ आत्ताच आहे. ॲम्प लावून पिकअपला स्क्रूड्रायव्हरने हलकेच टिचकी मारा, टक् ऐकू आला की झालं.

सोल्डरचं काम शक्य तितकं इथेच, गिटारपासून लांब उरका. पॉटच्या पाठीला सोल्डर धरत नसेल तर जागा पॉलिश पेपरने खरवडा, आयर्न आधी पॉटला टेकवा आणि मग सोल्डर द्या. दहा-दहा सेकंद आयर्न दाबून ठेवलात तर आतली कार्बनची पट्टी जळते. नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या टॉपवर पडलेला सोल्डरचा थेंब कायमचा डाग ठेवतो, म्हणून नंतर गिटारवर काम करताना टॉवेल कधीही बाजूला काढू नका.

६. फ्लोटिंग पिकअप बसवणं

ब्रिजपासून सुरुवात करतो, कारण नवशिक्यांची सगळ्यात मोठी पंचाईत तिथे होते. आर्चटॉपचा ब्रिज चिकटवलेला नसतो. तारांच्या दाबाने तो जागेवर उभा असतो. सगळ्या तारा एकदम काढल्या की तो सरकतो आणि सूर बिघडतो. ब्रिजच्या पायाभोवती मास्किंग टेपने खुणा करा. टेप फार चिकट असेल तर आधी कापडावर लावून तिचा चिकटपणा उतरवा. शक्य असेल तर तारा फक्त सैल करा, काढू नका.

आता पिकगार्ड काढा. पिकअप पिकगार्डला बसणारा असेल तर तुमचा मूळ पिकगार्ड कापू नका. त्याचा पुठ्ठ्यावर छाप घ्या, त्यावरून नवा बनवून घ्या आणि मूळ जपून ठेवा. जुन्या गिटारीचा सेल्युलॉइडचा पिकगार्ड मात्र बंद पेटीत ठेवू नका. तो कुजू लागला की त्याच्या वाफेने धातूचे भाग गंजतात.

पिकअप नेकच्या बाजूला बसणारा असेल तर ब्रॅकेट टेपने धरून उंची बघा, पेन्सिलने खूण करा आणि स्क्रूच्या दांड्यापेक्षा किंचित बारीक बिटने भोक पाडा. बिटवर टेप गुंडाळून खोलीची खूण करा. एबनी आणि रोझवुड कडक असतात. भोक न पाडता स्क्रू आवळला तर तो मुंडक्याशी तुटतो आणि आत अडकतो. स्क्रूला थोडं मेण किंवा साबण लावा. ही दोन बारीक भोकं सोडली तर गिटारला काहीच होत नाही.

पिकअप बसल्यावर त्याच्याखालून जाड कागद सरकवून बघा. तो सगळीकडे मोकळा सरकला पाहिजे. एक कोपरा जरी टॉपला टेकला तरी ठरावीक स्वरांवर झर्रर्र येतो, आणि माणूस तो दोष फ्रेटमध्ये शोधत बसतो.

व्हॉल्यूमसाठी पिकगार्डच्या खाली चपटा थंबव्हील पॉट चिकटवता येतो. अंगठ्याने कडेवरून फिरतो. टोनचा पॉट नसला तरी चालतं, ते काम ॲम्पवर होतं. मी तरी नवख्या माणसाला फक्त व्हॉल्यूम ठेवायला सांगतो. जितके जोड कमी तितक्या खोड्या कमी.

७. जॅक आणि अर्थिंग

जॅकसाठी तीन वाटा. पिकगार्डच्या कडेला छोट्या ब्रॅकेटवर जॅक लावला तर गिटारला भोकच लागत नाही. सुरुवात याने करा. दुसरी, पट्टा अडकवायच्या बटणाच्या जागी एंडपिन जॅक. इथे लोक एक गोष्ट विसरतात: आर्चटॉपवर ते बटण टेलपीसच्या (तारांची खालची टोकं अडकतात त्या भागाच्या) धातूच्या पट्टीतून जातं. म्हणजे लाकडातलं भोक सुमारे १२ मिमीपर्यंत मोठं करताना धातूतलंही मोठं करावं लागतं. टेलपीस काढून, धातू वेगळा शिकंज्यात धरून ते काम करा, आणि लाकडासाठी ड्रिलऐवजी हळूहळू फिरवायचा रीमर वापरा. तिसरी, खालच्या कडेला भोक पाडून जॅक. कडेचं लाकूड जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर जाड असतं, आतून पाठबळाची पट्टी न लावता जॅक बसवला तर केबलच्या एका झटक्याने ते चिरतं. हे काम लुथियरकडेच, म्हणजे गिटार बनवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडेच द्या.

अर्थिंग विसरू नका. जॅकच्या अर्थच्या टोकापासून एक वायर टेलपीसच्या पट्टीखाली दाबा. मग मीटर लावा: तार आणि जॅकचं बाहेरचं टोक यांत रोध जवळपास शून्य यायला हवा. टेलपीस एबनीचा असेल तर लाकडातून वीज जात नाही. तारांच्या गोळ्या जिथे अडकतात तिथे पितळेची पातळ पट्टी ठेवून तिला वायर जोडा. तारांना हात लावल्यावर घूं कमी होत असेल तर जोडणी बरोबर आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर जॅकच्या दोन वायरी उलट लागल्या आहेत.

८. खाच आधीपासून असेल तर

लॅमिनेट गिटारमध्ये पिकअप बदलणं सोपं वाटतं, पण आतलं सामान एफ-होलमधून बाहेर काढायचं असतं. प्रत्येक पॉटच्या दांड्यावर बाहेरून लवचीक रबरी नळी घट्ट बसवा, नट काढा आणि पॉट आत ढकला; परत आणताना नळी ओढली की तो आपल्या भोकात येतो. जॅकला लांब दोरा बांधा. नवं वायरिंग गिटारच्या पोटात करू नका. पुठ्ठ्यावर भोकांचा छाप घेऊन त्यावर सगळं जोडा, तपासा आणि मग अख्खं आत सोडा. नवे पॉट घेण्याआधी ते एफ-होलमधून जातात का ते बघा. २४ मिमीचा पॉट अरुंद एफ-होलमधून जात नाही, १६ मिमीचा जातो.

पिकअपभोवतीची चौकट खालून वक्र असलेलीच घ्या. सपाट चौकट फुगीर टॉपवर आवळली की ती तडकते.

९. तारा आणि उंची

ॲकॉस्टिक म्हणून विकलेल्या आर्चटॉपवर बहुधा ब्राँझच्या तारा असतात. चुंबकीय पिकअपला ब्राँझ ऐकू येत नाही, आतला स्टीलचा गाभा तेवढा ऐकू येतो. परिणामी वरच्या दोन साध्या तारा कानठळ्या बसवतात आणि खालच्या चार दबून राहतात. पिकअपला दोष देण्याआधी निकेलच्या तारा लावा. जाझसाठी फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या), बाराच्या जाडीपासूनच्या, म्हणजे पहिली तार ०.०१२ इंचाची असलेल्या. तिसरी तार गुंडाळलेलीच घ्या.

उंचीसाठी शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपपासून अंतर मोजा. जाड तारेकडे अडीच आणि पातळ तारेकडे दोन मिलिमीटरने सुरुवात करा, मग कानाने ठरवा. दुसरी तार जास्त ओरडत असेल तर तिचा स्क्रू थोडा आत घ्या. शेवटी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि दाबलेला स्वर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला स्वर चढा येत असेल तर ब्रिज किंचित टेलपीसकडे सरकवा.

कोकणात, गोव्यात, मुंबईत जुलैमध्ये सॉलिड टॉप ओलावा पिऊन फुगतो आणि तारा वर उचलल्या जातात. उत्तर अमेरिकेत हीटर लावलेल्या घरात हिवाळ्यात उलट होतं, टॉप आकसतो आणि तारा पिकअपवर येऊन टेकतात. म्हणून पिकअप अगदी शेवटच्या मिलिमीटरपर्यंत चढवू नका आणि ऋतू बदलला की पुन्हा मोजा.

१०. फीडबॅक

पहिल्यांदा ॲम्प लावाल तेव्हा सॉलिड टॉपची गिटार एखाद्या खर्जाच्या स्वरावर हुंकारू लागेल. आधी जागा बदला. ॲम्पच्या समोर नको, बाजूला उभे राहा, आणि ॲम्प जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवा. बास कमी करा. त्रास बहुधा १०० ते २५० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो, आणि नॉच फिल्टर असेल तर तेवढाच स्वर कापता येतो. तरीही थांबत नसेल तर एफ-होलमध्ये फोमचा तुकडा बसवा. फोम काळा घ्या आणि एफ-होलपेक्षा किंचित मोठा कापा, म्हणजे न चिकटवता अडकून राहतो आणि कार्यक्रम संपल्यावर निघतो.